चीनसारखं भव्य पार्क जुन्नर-आंबेगावात झालंच, तर कुंपण कुठे घालणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे फोटो जगभर फिरले. शेतात निघालेली माणसं आणि त्यांच्या गळ्यात टोकदार खिळे लावलेले पट्टे. बिबट्या मागून येतो आणि थेट मान धरतो, म्हणून हा पट्टा. त्याआधीच्या वीसेक दिवसांत या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले होते, त्यात दोन लहान मुलं होती. चिडलेल्या लोकांनी आंबेगाव तालुक्यातल्या मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला.

पिंपरखेड शिरूर तालुक्यात असलं तरी वनखात्याच्या हिशेबात ते जुन्नर वनविभागात येतं. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके मिळून हा विभाग होतो.

आता याच जुन्नरची दुसरी बाजू बघा. २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. असा दर्जा मिळालेला हा राज्यातला पहिला तालुका. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात शिवनेरी आहे. आणि ओतूरजवळच्या आंबेगव्हाणला बिबट सफारी व्हावी, यासाठी तालुक्यातले पुढारी कित्येक वर्षं पाठपुरावा करतायत. मध्यंतरी ही सफारी बारामतीला जाणार अशी चर्चा निघाली, तेव्हा जुन्नरमध्ये मोठा राजकीय वाद झाला होता.

म्हणजे ज्या प्राण्याच्या भीतीने लोक गळ्यात खिळे घालतात, तोच प्राणी तिकीट लावून दाखवायचाय. ऐकायला विचित्र वाटतं. पण जुन्नर-आंबेगावच्या पर्यटनाचा सगळा पेच या एका वाक्यात आहे.

चीनचा विषय येतो कुठून?

मोबाईलमधून. काचेचा पूल, डोंगराच्या कड्याला चिकटलेली लिफ्ट, ढगांतून वर आलेले दगडी खांब, नदीवर बांबूचे तराफे. चीनमधल्या पार्कचे हे रील एव्हाना प्रत्येकाने पाहिलेत. आणि ते शेअर करताना मराठी माणूस हमखास लिहितो, 'आपल्याकडे नाणेघाट आहे, शिवनेरी आहे, भीमाशंकर आहे, मग असं का होत नाही?'

प्रश्न चुकीचा नाही. पण रील तिकीटघराच्या आतलं दाखवतं. तिकीटघर उभं राहायच्या आधी तिथे काय झालं, ते दाखवत नाही.

सर्वात जास्त रील ज्याचे येतात ते झांगजियाजिए घ्या. हुनान प्रांतातलं हे चीनचं पहिलं राष्ट्रीय वनउद्यान, १९८२ मध्ये झालेलं. तीन हजारांहून जास्त दगडी सुळके इथे आहेत. १९९२ मध्ये हा वुलिंगयुआन परिसर जागतिक वारसा यादीत गेला. त्यानंतर जे घडलं ते कोणत्याही महाराष्ट्रीय पर्यटनस्थळाला ओळखीचं वाटेल. हॉटेलं उठली, दुकानं उठली, रस्ते आले. १९९८ मध्ये युनेस्कोच्या पाहणीत स्पष्ट नाराजी नोंदवली गेली की पर्यटकांसाठीच्या बांधकामांनी या जागेचं सौंदर्य बिघडतंय. मग सरकारने उलटा कार्यक्रम हाती घेतला. आतली हॉटेलं पाडली आणि आत राहणाऱ्या लोकांना बाहेर हलवलं. त्यात या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे तुजिया समाजाचे लोकही होते.

गंमत म्हणजे त्याच काळात डोंगराला ३२६ मीटर उंच लिफ्टही लागली. एकीकडे पाडापाडी आणि दुसरीकडे बांधकाम.

जवळच्याच दरीवर २०१६ च्या ऑगस्टमध्ये काचेचा पूल उघडला. लांबी ४३० मीटर, खाली जवळपास ३०० मीटर खोल दरी. क्षमता होती दिवसाला ८ हजार माणसांची, यायला लागली त्याच्या दहापट. १३ दिवसांत पूल बंद करावा लागला. नंतर तो पुन्हा सुरू झाला, पण सगळं गणित नीट मांडूनही गर्दी ते कसं उधळून लावते, हे त्या १३ दिवसांत दिसलं.

जुन्नरशी तुलना करायचीच असेल तर मात्र दुसरं ठिकाण जास्त जवळचं आहे.

वुयिशान : संस्कृती आणि निसर्ग एकाच तिकिटात

फुजियान प्रांतातल्या वुयि पर्वताला १९९९ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली ती संस्कृती आणि निसर्ग अशा दोन्हींसाठी. अशा मिश्र वारशाच्या जागा जगात मोजक्याच आहेत. २०२१ मध्ये चीनने आपली पहिली पाच राष्ट्रीय उद्यानं जाहीर केली, त्यातही वुयिशान आहे.

तिथे गेलेल्या माणसाला काय दिसतं? नऊ वळणं घेत जाणारी नदी आणि तिच्यावर बांबूचे तराफे. कड्यांवर कोरलेले शेकडो शिलालेख. उंच कपारीत ठेवलेल्या होडीच्या आकाराच्या प्राचीन शवपेट्या. बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ झू शी जिथे शिकवायचा ती जागा. आणि खडकांच्या खाचाखोचांत चहाचे मळे. 'दा होंग पाओ' या प्रसिद्ध चहाची मूळ झुडपं इथल्या एका कड्यावर आहेत, आणि २००६ पासून त्यांची पानं खुडणंच बंद आहे. लोक नुसती ती झुडपं बघायला जातात. संध्याकाळी झांग यिमोउ या नामांकित चित्रपट दिग्दर्शकाच्या टीमने उभा केलेला भव्य खेळ असतो, ज्यात प्रेक्षकांची बैठकच गोल फिरते.

ही यादी वाचून जुन्नरचा माणूस हसेल. कारण बैठक फिरत नाही एवढं सोडलं, तर त्याच्याकडे यातलं जवळपास सगळं आहे.

शिलालेख म्हणाल तर नाणेघाट. कल्याण बंदराकडून सह्याद्री चढून जुन्नरला येणाऱ्या व्यापारी वाटेवर सातवाहनांनी लेणं खोदलं आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत राणी नागनिकेचा लेख कोरला. यज्ञांची, दानांची ही जंत्री दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. दान किती दिलं ते आकड्यांत लिहिलंय, त्यामुळे भारतातल्या सर्वात जुन्या अंकचिन्हांचा अभ्यास करणाऱ्यांना इथे यावंच लागतं. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज वरती नावं आहेत आणि खाली फक्त पाय उरलेत. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं लोक सांगतात.

लेणी म्हणाल तर तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री असे गट मिळून दोनशेहून जास्त. एका गावाच्या आसपास एवढी लेणी देशात दुसरीकडे नाहीत. तुळजा लेण्यातलं चैत्यगृह गोल आहे आणि त्यात बारा खांब आहेत. दानाचे लेख वाचले तर आणखी मजा येते. दान देणाऱ्यांत 'यवन' आहेत, म्हणजे ग्रीक किंवा तिकडून आलेले परदेशी. कुणी पाण्याची टाकी खोदून दिली, कुणी भिक्खूंसाठी भोजनमंडप. व्यापाऱ्यांच्या श्रेणी आहेत, कासार आहेत, बांबूचं काम करणारे कारागीर आहेत.

आणि चिनी माणसाने येऊन महाराष्ट्र बघून जाणं ही गोष्टही नवी नाही. सातव्या शतकात, दुसरा पुलकेशी राज्य करत असताना, शुआन झांग (शाळेच्या पुस्तकातला ह्यू-एन-त्संग) महाराष्ट्रात आला होता. इथे शंभराहून जास्त विहार आहेत, असं त्याने लिहून ठेवलंय.

खेळ-तमाशाचं म्हणाल तर नारायणगाव आहे. तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपाऱ्या ठरवतात. पण हा बाजार पर्यटकांसाठी मांडलेला नाही. तो गावांचा गावांशी चाललेला व्यवहार आहे. पर्यटक म्हणून गेलात तर तिथे तुमचं काही काम नसतं, आणि खरं तर म्हणूनच ते बघण्यासारखं आहे.

मग फरक कुठे पडतो?

जमिनीत.

चीनमध्ये जमिनीची मालकी सरकारकडे किंवा गावाच्या सामूहिक संस्थेकडे असते. शेतकऱ्याकडे वापराचा हक्क असतो. सरकारने ठरवलं की ही रेषा, या रेषेच्या आत पार्क, तर रेषा आखता येते. गेट बसतं, आत फक्त पार्कच्या बस चालतात, रोज किती माणसं सोडायची ते ठरतं. वुयिशानमध्ये नियम मोडून डोंगर साफ करून लावलेले चहाचे मळे उपटून टाकले गेले. चहा हीच ज्या जागेची ओळख, तिथे चहा उपटला. एवढी ताकद त्या रेषेत असते.

जुन्नर-आंबेगावात अशी रेषा आखायला बसलात तर पहिल्याच दिवशी पेन्सिल मोडेल. लेण्याद्री घ्या. डोंगरावरच्या बौद्ध लेण्यांपैकी एका लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे, अष्टविनायकांपैकी एक. लेणी पुरातत्त्व खात्याची, पूजा देवस्थानची. त्यामुळे तीनेकशे पायऱ्या चढून देवाला जाणाऱ्या भाविकालाही पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं आणि त्यावरून कुरकुर कायम चालू असते. शिवनेरीवर पुरातत्त्व खातं आणि वनखातं. धरणांवर जलसंपदा. भीमाशंकरला वन्यजीव विभाग. पश्चिमेच्या आदिवासी गावांत पेसा कायदा लागू आहे, तिथे ग्रामसभेला विचारावं लागतं. वनहक्क कायद्याचे दावे वेगळे. आणि या सगळ्यांच्या मधोमध खासगी सातबारे. टोमॅटो, कांदा, द्राक्षं आणि ऊस.

याला अनेकजण सरकारी ढिलाई म्हणतात. काही अंशी ती आहेच. पर्यटन तालुका जाहीर होऊन इतकी वर्षं झाली, तरी नाणेघाटाजवळच्या घाटघरला पावसाळ्यातल्या रविवारी गाडी लावायची कुठे हा प्रश्न तसाच आहे, याचं खापर जमिनीच्या मालकीवर फोडता येणार नाही. पण सगळीच ढिलाई नाही. सोबत राहण्याची एक पद्धतही त्यात आहे. ती समजून घ्यायला खोडदला जावं लागेल.

खोडदची दुर्बीण आणि चीनची दुर्बीण

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. १४ डिश मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्यात. दोन डिशच्या मध्ये शेतं आहेत, गोठे आहेत, शाळा आहेत, एसटी जाते. या दुर्बिणीला मोबाईल टॉवर आणि विजेच्या उपकरणांचा त्रास होतो, म्हणून आसपासच्या टॉवर आणि उद्योगांवर मर्यादा आहेत. पण माणसं तिथेच आहेत.

चीनमध्ये ग्वेझू प्रांतात फास्ट नावाची ५०० मीटर व्यासाची महाकाय रेडिओ दुर्बीण २०१६ मध्ये उभी राहिली. तिला शांतता हवी म्हणून ५ किलोमीटरच्या परिघातल्या नऊ हजारांहून जास्त लोकांना हलवायचं ठरलं. जवळच खगोलशास्त्रावर आधारलेलं एक पर्यटन शहर उभं केलं. तिथे पर्यटक मोबाईल आणि कॅमेरा लॉकरमध्ये ठेवून दुर्बीण बघायला जातात. रोज किती पर्यटक सोडायचे तेही ठरलेलं.

काम एकच, पण पद्धती दोन. तिकडे माणसं हलवली आणि जागेचं पार्क झालं. इकडे माणसं राहिली आणि दुर्बीण शेतांत उभी राहिली.

इकडची पद्धत फुकटात पडली असं मात्र नाही. पुणे-नाशिक रेल्वेचा सरळ मार्ग याच दुर्बिणीमुळे अडला आणि रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलायचं ठरवलं. त्यावरून जुन्नर, आंबेगाव, खेडमध्ये संताप आहे. कित्येक वर्षं ज्या रेल्वेची वाट बघितली, ती आता दुसरीकडून जाणार. दुर्बिणीसोबत राहायची किंमत ही अशी मोजावी लागते, आणि ती मोजणाऱ्याला दुर्बिणीतून काही मिळत नाही. वर्षातून एकदा, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला, शाळेची मुलं मात्र दुर्बीण बघायला गर्दी करतात.

आता पुन्हा बिबट्याकडे

बिबट्या जंगलातून गावात आला, असं सर्रास बोललं जातं. जुन्नर-आंबेगावच्या पूर्व पट्ट्यात हे पूर्ण खरं नाही. इथले कित्येक बिबटे उसातच जन्मतात.

याची सुरुवात धरणांपासून होते. कुकडी प्रकल्पात पाच धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावात घोड नदीवर डिंभे. कालवे पूर्वेकडे गेले. जिथे बाजरी आणि मटकी व्हायची तिथे ऊस उभा राहिला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले. ऊस वर्षभर उभा असतो, दाट असतो, आत गारवा असतो, पाणी असतं. बाहेर कुत्री, शेळ्या, वासरं. बिबट्याला याहून चांगलं घर मिळणार नाही.

मग पकडून दूर जंगलात सोडलं तर? तेही करून झालंय. फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडायची मोहीम झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, मोहीम सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. अनोळखी जागी सोडलेला, बिथरलेला बिबट्या जास्त धोकादायक ठरतो आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो.

म्हणून माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. पकडलेले, जखमी झालेले, परत सोडता न येणारे बिबटे तिथे ठेवतात. ते प्राणीसंग्रहालय नाही.

आंबेगव्हाणच्या सफारीचा मुद्दा इथे नीट समजून घ्यायला हवा. सफारी म्हणजे कायद्याच्या भाषेत प्राणीसंग्रहालयाचाच एक प्रकार. त्याला केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मंजुरी लागते. आत असतील ते बंदिस्त बिबटे. जे आज पिंजऱ्यात आयुष्य काढतायत त्यांना मोकळी जागा मिळेल, ओतूर-आळेफाटा परिसरात पर्यटक थांबतील, चार पोरांना काम मिळेल, हे सगळं खरं आहे आणि त्याला विरोध करायचं कारण नाही. पण सफारी झाली की उसातले बिबटे कमी होतील, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. कुंपणाच्या आतल्या बिबट्याचा आणि कुंपणाबाहेरच्या बिबट्याचा एकमेकांशी संबंध नाही.

चीन इथे काय करतो? २०२१ च्या त्या पाच उद्यानांत ईशान्येला रशियाच्या सीमेवर वाघ आणि बिबट्यांसाठीचं एक उद्यान आहे. आकार साधारण १४ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे अख्ख्या पुणे जिल्ह्याहून थोडंसंच कमी. पांडाचं उद्यान तर याहून मोठं आहे. तिथे वस्ती विरळ आहे, हिवाळा कडक आहे, प्राणी मूठभर आहेत. तरीही एप्रिल २०२१ मध्ये त्याच ईशान्य भागातल्या एका गावात रानटी वाघ शिरला, शेतात एका बाईवर धावून गेला, एका गाडीची काच फोडली. तो व्हिडिओ जगभर गाजला. वाघाला बेशुद्ध करून पकडलं आणि महिन्याच्या आत दूर जंगलात सोडलं. एक वाघ एका गावात आला, तर ती देशाची बातमी झाली. जुन्नर वनविभागात बिबट्या दिसणं ही रोजची गोष्ट आहे. २०२४ मध्ये इथल्या गावांना संभाव्य बिबट आपत्तीप्रवण क्षेत्र जाहीर करावं लागलं. पूर आणि भूकंपासाठी वापरायचा शब्द इथे एका प्राण्यासाठी वापरला गेला.

बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार २५ लाख रुपये देतं. गावकरी मात्र दुसरंच मागतात. त्यांची सर्वात जुनी मागणी म्हणजे शेतीला दिवसा वीज द्या. रात्री दोन वाजता मोटर चालू करायला, दारं धरायला माणूस उसाच्या बांधावरून जातो, तेव्हा तो बिबट्याच्या वेळेत बिबट्याच्या घरात शिरलेला असतो. पर्यटन आराखड्यात ही मागणी येत नाही, कारण ती पर्यटनाची समजली जात नाही. खरं तर शेतावर मुक्कामी येणारा पुण्या-मुंबईचा पाहुणा त्याच बांधावरून फिरतो.

आंबेगावच्या पश्चिमेला

रीलमध्ये आंबेगाव म्हणजे भीमाशंकर. ज्योतिर्लिंग, धुकं, शेकरू, जूनमधले काजवे. १९८५ मध्ये इथे अभयारण्य झालं, साधारण १३१ चौरस किलोमीटरचं. शेकरू हा राज्यप्राणी, आणि त्याचं हे हक्काचं ठिकाण. आहुपेच्या बाजूला गेलात तर देवराया दिसतात. तिथलं जंगल वनखातं यायच्या कितीतरी आधीपासून देवाच्या नावाने राखलेलं आहे. चीनच्या 'सांस्कृतिक-पर्यावरणीय' उद्यानांत जी गोष्ट पाटीवर समजावून सांगावी लागते, ती इथे महादेव कोळी समाजाच्या रोजच्या व्यवहारात आहे.

पण या भागाचा हिशेब वेगळा लागतो. डिंभे धरणाने पूर्वेला ऊस दिला, तो पश्चिमेच्या आदिवासी गावांची भातखाचरं पाण्याखाली घालून. विस्थापितांनी पुढे शाश्वत या संस्थेच्या मदतीने जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला, सहकारी संस्था चालवली. त्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. उतारावर दगड रचून खाचरं करायची पडकई ही इथली जुनी पद्धत. आणि वर्षाचा रोकडा पैसा येतो तो हिरड्यातून. बाळहिरड्याला भाव मिळाला तर वर्ष बरं जातं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने हिरड्याची झाडं मोडली आणि नुकसानभरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली.

इथेच माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला आणि १५१ माणसं गेली. कारण काय, यावर बरीच चर्चा झाली. मुसळधार पाऊस होताच, पण उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणावरही बोट ठेवलं गेलं. २०१७ मध्ये जवळच आमडे इथे नवं गाव उभं राहिलं. माळीणचं स्मारक बघायला आता लोक जातात. त्याच डोंगररांगेत प्लॉट पाडण्यासाठी, रिसॉर्टच्या रस्त्यासाठी जेसीबी लावताना मात्र माळीण कुणाला आठवत नाही.

काचेच्या पुलाची मागणी कड्यांच्या या मुलखात अधूनमधून निघते. झांगजियाजिएचा पूल लोकांना पाठ झालाय, तिथलं १९९८ मात्र कुणाला माहीत नाही.

पैसा कुणाला, भार कुणाला

पावसाळ्यात नाणेघाटाला पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं. त्या उलट्या धबधब्याच्या रीलने जितके लोक जुन्नरला आणले, तितके कुठल्याच जाहिरातीने आणले नसतील. २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर बंदी आदेश लावले, त्यात जुन्नर आणि आंबेगावच्या जागाही होत्या. रेषा आखायची आपली पद्धत अशी आहे. वर्षभर काही नाही, मग दुर्घटना होते, मग जमावबंदी. रविवारी मक्याची कणसं आणि भजी विकून ज्या घरांचा महिना निघतो, त्यांचा हंगाम एका आदेशात संपतो.

इथे चीनकडून एक गोष्ट खरंच घेण्यासारखी आहे, आणि ती काचेची नाही. आकडा. एका दिवसात किती माणसं, किती गाड्या, हे आधी ठरवायचं आणि त्यापुढच्याला खालीच थांबवायचं. घाटघरच्या ग्रामसभेला हे ठरवता येऊ शकतं. गाड्या खाली, वर गावातल्या पोरांच्या जीप, पावती गावाची. राज्यात संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आणि ग्रामपंचायती काही ठिकाणी प्रवेशशुल्क घेतातच. त्यासाठी कुणालाही गाव सोडायला लावावं लागत नाही.

शिवनेरीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाल्यावर गर्दी वाढणार हे उघड आहे. १९ फेब्रुवारीला तर आधीच किल्ल्यावर पाय ठेवायला जागा नसते. जुन्नर गावात मुक्काम करून मानमोडीची लेणी बघणारा, घोडेगाव-मंचरला थांबून मासवडी खाणारा पर्यटक वाढला तर पैसा इथे राहील. सकाळी पुण्याहून निघून, किल्ला करून, संध्याकाळी परत जाणारा पर्यटक वाढला तर प्लास्टिकच्या बाटल्या राहतील. सरकारी आराखडा या दोघांना एकाच रकान्यात मोजतो.

दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोड सुरू होते. बीड, नगरकडून टोळ्या येतात. त्यांच्या कोप्या शेताच्या कडेलाच असतात, दाराला कडी नसते कारण दारच नसतं, आणि पहाटे आई-बाप फडात गेले की मुलं उघड्यावर असतात. बिबट्याचा सर्वात मोठा धोका या मुलांना आहे, आणि ती ना जुन्नरच्या मतदारयादीत आहेत ना पर्यटन आराखड्यात. तोडणी चालू असताना कधीकधी सरीत बिबट्याची पिल्लं सापडतात. काम थांबतं. वनखात्याची आणि माणिकडोह केंद्राची माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. पिल्लं हलवली तर बिबटी बिथरते आणि माणसांवर धावते, हे अनुभवाने कळलंय. दूरवर कॅमेरा लावतात. सगळे मागे सरतात. बहुतेक वेळा रात्री कधीतरी बिबटी येते, तोंडात धरून एकेक पिल्लू उचलून नेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी उरलेला ऊस तोडायला त्याच शेतात उतरते.